बब्रुवान उपदेशकाची पायी फेरी

जळकोटचा बब्रुवान उपदेशक कसा चालायचा, हे आधी नीट ऐकून घ्या. नाहीतर पुढची सगळी भानगड तुमच्या ध्यानात यायची नाही.

तांबडं फुटायच्या आत हा गडी उठायचा. गुळाचा कोरा चहा घशाखाली गेला की डोक्याला पटका, अंगावर घोंगडी, हातात काठी, काखेत फडक्यात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि निघाला. आधी सडकेला लागून असलेली खालली वस्ती, मग पांदीच्या अरुंद वाटेनं ओढा ओलांडून मधली, आणि शेवटी उभा चढ चढून वरली. तिन्ही वस्त्यांत मिळून ख्रिस्ती घरं ती किती, मूठभर. पण घर ख्रिस्ती असो नसो, ज्याच्या दारावरून जायचा त्याच्यासाठी हा प्रार्थना करायचाच. आणि मनातल्या मनात नव्हे, चांगली खणखणीत, डोळे मिटून. वाट इतकी पायाखालची की डोळ्यांची गरजच पडायची नाही.

मेंढरं सोडता सोडता म्हाळसाबाई धनगरीण वाटेवरून ओरडायची, "उपदेशक, माझ्या मेंढरांचं घातलाव का तुमच्या देवाच्या कानावर?"

"मेंढरांचं कालच घातलं. आज तुझ्या तोंडाचं घालतो."

"मग आज वरल्या वस्तीला पोचत न्हाय तुमी!" म्हणून ती खदाखदा हसायची. ती रामराम घालायची, हा सलाम करायचा, आणि पुढं.

ह्या चालण्याला एक रीत होती. सपाटीवर दुसऱ्यांसाठी मागणं. उतारावर देवाचे आभार. आणि चढावर स्वतःच्या पापांची कबुली. चढावरच का? तर तिथं धाप लागते, आणि धापा टाकणाऱ्या माणसाला सबबी सांगायला जमत नाही. 'गजराबाईवर ओरडलो, चुकलो,' एवढंच तोंडातून निघतं. गजराबाई म्हणजे त्याची बायको. ती आधी काय बोलली होती, हे देवाला सांगायला दमच उरत नाही. आता बोला!

ही रीत त्याला घालून दिली होती म्हाताऱ्या अण्णाराव उपदेशकानं, मोगलाई असताना, म्हणजे निजामाच्या राज्यात. त्या काळी बब्रुवान म्हणजे नुसती काडी. विशीतलं पोर, पण छातीत दमा. श्वास घेतला की आत कुणी शीळ घालतंय असं वाटायचं. चार पावलं टाकली की भिंत धरायची. लोक त्याच्या आईला तोंडावर सांगायचे की ह्याचं काही खरं नाही. शेवटी बैलगाडीत घालून त्याला सोलापूरला नेला. तिथल्या एका डॉक्टरनं छाती तपासली, औषध दिलं आणि सांगितलं, "औषध अर्धं काम करील. उरलेलं अर्धं तुझ्या पायांनी करायचं. रोज पहाटे चालायचं. झेपेल तेवढंच, पण रोज."

अण्णाराव दुसऱ्या दिवशी दारात हजर. "चल, म्या जातोच हाय फेरीला."

"मला न्हाय झेपायचं, बाबा. देवाचं काम आत्म्याचं असतंय. त्याला पाय कशाला पायजेत?"

म्हातारा भडकला. "आत्मा ऱ्हातो कुठं रे तुझा? झाडावर? ह्या बरगड्यांतच ऱ्हातो न्हवं! देवानं भाड्यानं दिलेलं घर हाय ते. आधी ते झाडून ठेव, मग आत्म्याच्या गोष्टी सांग!"

पहिल्या दिवशी बब्रुवान लिंबाच्या झाडापर्यंत गेला आणि मटकन खाली बसला. म्हाताऱ्यानं त्याला तिथंच बसवून प्रार्थना केली आणि घरी धाडलं. असं करत करत पुढच्या सुगीपर्यंत पोर ओढा ओलांडायला लागलं, आणि एका सकाळी अण्णारावाच्या मागोमाग वरल्या वस्तीवर जाऊन उभं राहिलं. छातीत शीळ नाही, डोळ्यांपुढं अंधारी नाही. म्हातारा म्हणाला, गीत म्हण. बब्रुवाननं तोंड उघडलं आणि आवाज असा निघाला की तोच दचकला. गीत संपेपर्यंत रडत होता, आणि रडत रडत गात होता. त्या दिवसापासून ती वाट त्याची झाली. म्हातारा गेल्यावर उपदेशकपण त्याच्याकडं आलं. रझाकारांच्या धामधुमीत फेरी चुकली ती थोडे दिवस. बाकी मोगलाई गेली, मुलूख भारतात विलीन झाला, सडकेवरून एस्टी धावायला लागली, तरी बब्रुवानची पायी फेरी सुरूच. पन्नाशी गाठली तरी दम्यानं परत तोंड दाखवलं नव्हतं.

आणि मग मंडळीनं, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजानं, त्याच्यावर उपकार केला.

मंडळीचा पंच होता शांतलिंग. जुनी नावं आमच्याकडच्या ख्रिस्ती लोकांनी टाकली नव्हती, त्यामुळं नाव शांतलिंग, माणूस पक्का ख्रिस्ती, आणि शांत मात्र बिलकुल नाही. सडकेवर त्याचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. दारावरून एस्ट्या जाताना बघून बघून त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. एका रविवारी उपासना संपल्यावर तो उभा राहिला. "मोगलाई गेली, एस्टी आली, आन् आमचा उपदेशक अजून टाचा घासत हिंडतोय! लाज वाटाय पायजे आपल्याला!"

मंडळीला लाज वाटली. झालं! घराघरांत देवाचं मडकं असायचं. दळायला बसायच्या आधी बाया त्यात एक मूठ ज्वारी टाकायच्या. एरवी ती ज्वारी देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला जायची. त्या सालभर सगळ्यांनी दोन दोन मुठी टाकल्या. खालल्या वस्तीवरच्या सिताबाईच्या घरात सांजचं पीठ असेल-नसेल अशी गत. विधवा बाई, पाठीत वाकलेली, पण तिचीही दुसरी मूठ चुकली नाही. ती ज्वारी विकून शांतलिंग स्वतः सोलापूरला गेला आणि एस्टीच्या टपावर घालून कोरी करकरीत सायकल घेऊन आला.

देवळापुढं सायकलीला हार घातला होता. पोरंसोरं घंटी वाजवत होती. बब्रुवाननं ती सायकल बघितली आणि त्याच्या मनात पहिलं हेच आलं: सायकलीवर बसून प्रार्थना कशी करायची? पण सिताबाई वाकल्या पाठीनं पुढं आली, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता तुमच्या पायाला खडा टोचायचा न्हाय, उपदेशक." तिच्या तोंडावरचा तो आनंद बघितल्यावर नाही कसं म्हणायचं? ह्यानं सायकलीचं हँडल धरलं. म्हणाला, "देव तुमचं भलं करो."

घरी आल्यावर गजराबाईनं विचारलं, "घेतलाव?"

"घेतली."

"पायजे व्हती?"

त्यानं पटका काढून खुंटीला अडकवला. ती म्हणाली, "देवापुढं खरं बोलायला डोंगर चढताव, आन् माणसांपुढं खरं बोलायला तोंड उघडंना तुमचं. धन्य हाय!"

बब्रुवान सायकल शिकला. गुडघे सोलले, पण शिकला. आणि पहिल्याच आठवड्यात काय केलं माहीत आहे? एवढ्या वर्षांची सवय! खालल्या वस्तीच्या उतारावर सायकल लागली, गार वारं तोंडावर आलं, आभार मानायची वेळ झाली, आणि ह्यानं डोळे मिटले. सायकल सरळ म्हाळसाबाईच्या मेंढरांत. वर चाक, खाली उपदेशक, आणि चारी बाजूंनी बेंऽऽ बेंऽऽ.

म्हाळसाबाईनं त्याला काखेत धरून उठवला. मेंढरू दगावलं नाही हे बघितलं आणि मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "देवानं सायकल दिली आन् डोळे परत नेले व्हय?"

त्यानंतर डोळे उघडे ठेवून प्रार्थना सुरू झाली. ती अशी: "हे प्रभू, त्या उत्तरेश्वराच्या लेकराचा ताप... ए बाजूला व्हा!... ताप उतरू दे, आन् त्याच्या घरात... आरं, बैल धरा की!" काही दिवसांनी तीही बंद पडली. पांदीतनं सायकल जाईना, म्हणून तो सडकेनं जायला लागला. वरल्या वस्तीच्या चढावर तर ती चढवायचं नावच नको. तिथं आठवड्यातनं एकदा जाणं व्हायचं, तेही कसंबसं. फेरी चट्दिशी उरकायची आणि उरलेली सकाळ शांतलिंगाच्या हॉटेलात. शांतलिंग खुशीत गरमागरम भजी पुढं करायचा. उपदेशक आपल्या सायकलीवर बसून आपल्या हॉटेलात येतोय, ह्याचा त्याला कोण अभिमान!

पोट सुटलं. पावसाळा सरता सरता एका पहाटे बब्रुवान जागा झाला आणि छातीत ती जुनी शीळ ऐकू आली. तो अंथरुणावर उठून बसला. गजराबाईही उठून बसली.

छातीचं एक झालं; आतल्या माणसाचं त्याहून वाईट झालं होतं. प्रार्थनेला बसला की त्याला झोप यायची. चढ नाही म्हणून कबुली नाही, कबुली नाही म्हणून मनात कडू साचत गेलं. बारीकसारीक गोष्टींवरून तो लोकांवर वसकायला लागला. देवाशी बोलायचं तर काय बोलायचं तेच सुचेना. पायच थांबले होते, आणि देवाशी त्याची सगळी बोलाचाली पायांवर झालेली.

त्यातच एक दिवस खालल्या वस्तीवर त्याला कळलं की सिताबाई तापानं पडलीय. आजची नाही, चांगली आठवडाभर. तो धावत आत गेला. म्हातारी गोधडीत मुटकुळं करून पडली होती, ओठ सुकलेले. ह्यानं पाणी पाजलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. रोज सकाळी ह्याच दारावरून तो गेला होता.

"सिताबाई, हाक का मारली न्हायसा?"

"मारली की. पर तुमची सायकल लई जोरात पळती." म्हातारी हसली. तिला राग नव्हताच. तिला तर कौतुक वाटत होतं. "घंटी ऐकू यायची. म्या मनाशी म्हणायची, पळतीय माझी ज्वारी. पळू द्या."

बब्रुवान बाहेर आला आणि सायकलीला हात न लावता तसाच उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण आता तर सायकल परत देणं आणखीनच अवघड झालं. ज्या बाईनं तापात पडून सायकलीचं कौतुक केलं, तिला कुठल्या तोंडानं सांगायचं की मला ती नको?

नाताळात पाळकसाहेब आले. पाळकसाहेब म्हणजे ह्या सगळ्या मंडळ्यांचे वरचे धर्मगुरू, तालुक्याला राहायचे, एस्टीनं यायचे, एस्टीनं जायचे. चांगले भरल्या अंगाचे, मनानं लोण्यासारखे, पण कामात चोख. उपासनेत बब्रुवाननं गीत उचललं आणि दुसऱ्या कडव्यालाच त्याला धाप लागली. तो खोकत खाली बसला. मंडळीनं कसंबसं गीत पुरं केलं. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर त्याला बाजूला घेतलं.

"बब्रुवानराव, तब्येत बरी नाही तुमची. आता आराम करा. वस्त्यांची फेरी थांबवू या."

"मग वस्त्यांवर कोण जाईल, साहेब?"

"माझ्याकडं दुसरा माणूस नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. खालल्या वस्तीची माणसं देवळात येतील. मधल्याचं बघू. वरली वस्ती तूर्त सोडून द्यावी लागेल."

वरली वस्ती सोडायची? ज्या माळावर देवानं त्याला श्वास परत दिला, ती? त्यानं हात जोडले. "साहेब, सुगीच्या सणापातुर मुदत द्या. तवर चढ चढून दाखवला न्हाय, तर तुमचा हुकूम."

साहेबांनी दिली मुदत. शांतलिंग लगेच मध्ये पडला, "सायकल हाय की! सायकलीवर बसूनच जायचं, दम कशाला लागतोय?" बब्रुवाननं त्याच्याकडं असं बघितलं की बोलतोच आता. पण नाही बोलला.

दुसऱ्या दिवसापासून जळकोटनं एक नवीनच तमाशा बघितला. उपदेशक पहाटे सायकल घेऊन निघायचा खरा, पण बसायचा नाही. हातात धरून चालवायचा. बैलाला पाण्यावर न्यावं तसं तिला पांदीतनं, ओढ्यातनं, धोंड्यांवरनं नेऊन परत आणायचा. चालायचं तर होतं, आणि कुणाला दुखवायचंही नव्हतं; त्यावर ह्यानं काढलेली ही तोड! लोक विचारायचे, "पंक्चर झाली का?" खोटं बोलता यायचं नाही, तर म्हणायचा, "न्हाय, हवा चांगली हाय." मग विचारणारा चाकाकडं बघायचा, उपदेशकाकडं बघायचा आणि डोकं खाजवत निघून जायचा.

गजराबाई एकदा दारात उभी राहून म्हणाली, "तिला फिरायला नेताव व्हय रोज? तिला बी दमा हाय का?"

पहिल्या दिवशी तो लिंबाच्या पुढं काही पावलं गेला आणि थांबला. पुढच्या आठवड्यात खालली वस्ती. मग ओढा. सिताबाई आता बरी झाली होती. तिच्या दारात रोज टेकायचं, पाणी प्यायचं आणि पुढं निघायचं. पोट कमी व्हायला लागलं. छातीतली शीळ बारीक झाली. आणि एके दिवशी मधल्या वस्तीच्या अलीकडं, सायकलीचं हँडल एका हातात धरून चालता चालता, त्याच्या तोंडून आपोआप शब्द निघाले, "हे प्रभू, म्हाळसाबाईच्या मेंढरांवर नजर ठेव." तो जागच्या जागी थांबला. किती महिन्यांनी! बांधावर बसून तो पोरासारखा हसला. पण वरल्या वस्तीचा चढ राहिला होता, आणि सायकल धरून तो चढ चढणं म्हणजे ओझं घेऊन चढणं. चढाच्या पायथ्याशी जाऊन तो रोज परत फिरायचा.

सण आठवड्यावर आला तेव्हा गजराबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "सोडा की ती."

"कुणाला देऊ? परत दिली तर मंडळीच्या तोंडावर मारल्यागत व्हतंय. इकली तर चोरी."

"आन् देवाला दिली तर?"

बब्रुवाननं मान वर केली. "सुगीचा सण हाय न्हवं," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

सुगीच्या सणाची चाल अशी: ज्याच्या रानात जे पिकलं, ज्याच्या घरात जे असेल, त्यातलं चांगलं ते देवळात आणून टेबलापुढं ठेवायचं. ज्वारीची कणसं, करडई, भोपळा, कोंबडी. एकदा ठेवलं की ते देवाचं. कुणी आणलं, का आणलं, कसं आणलं, हे विचारायचं नाही. विचारणं म्हणजे देवाला हिशेब मागणं. मग उपासना संपली की अंगणात लिलाव व्हायचा आणि येईल ते देवळाच्या कामाला लागायचं. लिलाव पुकारायचा मान शांतलिंगाचा. त्याचा आवाज सडकेपलीकडं जायचा.

त्या दिवशी अंगण माणसांनी फुललं होतं. पाळकसाहेब खुर्चीवर बसलेले. शांतलिंगानं भोपळा पुकारला, कोंबड्या पुकारल्या, तुरीचं गाठोडं पुकारलं. "आता ह्यो... ह्यो..." म्हणत त्यानं मागं हात घातला आणि हाताला हँडल लागलं. झेंडूचा हार घातलेली सायकल. शांतलिंगाचं तोंड उघडं ते उघडंच.

"ही कुणी ठेवली हितं?"

विचारायचं नसतं ते पंचानंच विचारलं होतं! बब्रुवान उभा राहिला.

"म्या ठेवली."

"आमची भेट इकायला काढलाव?" शांतलिंगाचा चेहरा लालबुंद झाला. "मंडळीनं पोटाला चिमटा घेऊन दिली, आन् तुमी... ह्यो अपमान हाय आमचा!"

आता बोलला नाही तर कधीच बोलणार नाही, हे बब्रुवानला कळलं होतं. "शांतलिंगा, तू मायेनं दिलीस. पर म्या घेतली ती मायेनं न्हाय, भ्याडपणानं. तुमाला वाईट वाटंल म्हणून गप ऱ्हायलो. सायकलीवर बसलो आन् माझी प्रार्थना गेली, दमा परत आला, सिताबाई तापात पडली तरी मला दिसली न्हाय. देव मला चालताना भेटतोय. मला दुसरं येतच न्हाय. मला माझी वाट परत द्या. पाया पडतो तुमच्या."

शांतलिंग काही बोलणार, एवढ्यात सिताबाई उठली. वाकत वाकत पुढं आली.

"शांतलिंगा, मूठ कुठं टाकली व्हती आमी?"

"देवाच्या मडक्यात."

"मग देवाची व्हती न्हवं? उपदेशकाच्या बुडाखाली ती तू घातलास." अंगणात एकदम हशा पिकला. म्हातारी मात्र हसली नाही. ती बब्रुवानकडं वळली. "आन् तुमी! येवढे दिवस तिला ढकलत हिंडलाव, पर तोंड उघडलं न्हाय! म्या काय सायकलीसाठी ज्वारी दिली व्हय? तुमच्या पायासाठी दिली. पाय धड तर माझी ज्वारी पावली." मग परत शांतलिंगाकडं. "पुकार आता. उनं व्हायलीत."

शांतलिंगानं पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. मग असा काही पुकारा केला की झाडावरचे कावळे उडाले. आणि पहिली बोली कुणाची? त्याचीच! शेवटची पण त्याचीच. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं की तो असा डोळे वटारायचा की माणूस खालीच बसायचा. "मंडळीची हाय, मंडळीतच ऱ्हाईल," तो म्हणाला. "कुणाला दवाखान्यात न्यायचं पडलं तर माझ्या हॉटेलातनं न्या."

पाळकसाहेब खुर्चीवरून उठले. "सायकलीचं मिटलं. पण बब्रुवानराव, फेरीचं कसं? छातीचं कसं?"

"उद्या सकाळी चला, साहेब. माझ्या संगं, वरल्या वस्तीला. माथ्यावर गीत म्हणून दाखवतो. आडलो तर फेरी तुमच्या हातात."

साहेब मुक्कामाला राहिले. पहाटे बब्रुवान दाराबाहेर पडला तर समोर ही गर्दी! मंडळीतलं हिंडतंफिरतं एकही माणूस मागं राहिलं नव्हतं. गजराबाईनंही पदर खोचला होता. लग्न झाल्यापासून ती ह्या फेरीला कधी आली नव्हती. "रोज देवाला माझ्याबद्दल काय सांगताव ते ऐकू द्या की एकदा," ती म्हणाली.

सिताबाई तिच्या दारापाशी थांबली, म्हणाली मी इथनंच तुमच्यासाठी मागते. पुढं म्हाळसाबाईनं मेंढरं आडवी घालून ही पलटण बघितली. "उपदेशक, आज येवढी माणसं? येकट्याला वळखंना का तुमचा देव?"

बब्रुवान हसला. त्यानं डोळे मिटले आणि दारोदारीची प्रार्थना सुरू केली. नावं घेत, माणसं घेत, गुरंढोरं घेत तो ओढा ओलांडून गेला. मागून चालणाऱ्या बायकांना वाटलं, हा तर गावाची सगळी सुखदुःखं पाठ करून बसलाय. मग चढ आला.

सायकलीचं ओझं नव्हतं, पहिलं वळण सहज गेलं. दुसऱ्याला छातीत शीळ वाजली. गजराबाईनं ती मागून ऐकली. तिला ओरडावंसं वाटलं, थांबा, नको, पण तिनं पदर तोंडात धरला. बब्रुवान थांबला नाही. त्यानं पाऊल बारीक केलं. झेपेल तेवढंच. एक पाऊल, एक श्वास. आणि श्वासाश्वासागणिक तुटक बोल तिच्या कानावर पडत गेले. "भ्यालो, प्रभू... खोटं वागलो... गजरा खरं बोलली... ऐकलं न्हाय तिचं..." गजराबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. स्वतःबद्दलची तक्रार ऐकायला आलेली बाई, तिला तिचंच खरेपण ऐकायला मिळालं.

शेवटच्या वळणावर शीळ बारीक झाली. मग नाहीशी झाली. बब्रुवान माथ्यावर पोचला, काठी टेकून उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला. खाली सगळा मुलूख उजळत होता, कापलेल्या ज्वारीची रानं पिवळीधमक. त्यानं गीत उचललं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं, एकाही जागी आवाज तुटला नाही. वस्तीवरची माणसं झोपड्यांतून धावत बाहेर आली. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सूर धरला. मागून येणारी मंडळी चढता चढताच गायला लागली. शांतलिंग तर रडत होता का गात होता हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. जिंकला की हो माणूस! उभ्या चढाला जिंकला!

सगळ्यात शेवटी पाळकसाहेब आले. घामानं निथळलेले, एका हातानं गुडघा धरलेला. आले ते धोंड्यावर बसले. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. फेरीचा निकाल तेच देणार होते ना! साहेबांनी तोंड उघडलं. नुसती धाप. पुन्हा उघडलं. पुन्हा धापच. शेवटी त्यांनी हात वर केला आणि पुढची वाट दाखवली.

"साहेब," गजराबाई डोळे पुसत म्हणाली, "तोंडानं सांगा की. म्हंजी पक्कं व्हतंय."

साहेबांनी सगळा दम गोळा केला, बब्रुवानकडं बघितलं आणि त्यांच्या तोंडून जेमतेम एकच शब्द निघाला:

"चाला!"